दुकान उघडण्याआधी पहिली सुई

मालवण, श्रावण

चि. बाळू यास आईबाबांचे अनेक आशीर्वाद.

सलूनसाठी डोंबिवलीचा गाळा ठरला, डिपॉझिटचंही जमलं, ऐकून बरं वाटलं. खुर्च्या-आरशांचं तू बघशीलच. फोनवर घाईत एक गोष्ट नेहमी राहते, म्हणून लिहितोय. मुहूर्ताआधी हिपॅटायटिस बीसाठी, म्हणजे विषाणूमुळे होणाऱ्या लिव्हरच्या आजारासाठी, रक्त तपासून घे आणि लसीची पहिली सुई टोचून घे. दुसरी महिन्याने, तिसरी पहिलीपासून सहा महिन्यांनी. पहिलीनंतर पुढच्या दोन सोडणारे पुष्कळ असतात, तसं करू नकोस. तू जन्मलास तेव्हा आपल्या उपकेंद्रात ही लस नव्हती. सरकारी लसीकरणात ती देशभर आली 2011 साली. तुझ्या वयाच्या कितीतरी कारागिरांना ती कधी मिळालेलीच नाही.

अण्णाकाकांचं तुला अर्धवटच ठाऊक आहे. शिबिरात रक्त दिलं आणि रक्तपेढीतून बोलावणं आलं, रक्तात हिपॅटायटिस बी निघाला म्हणून. ना ताप, ना डोळे पिवळे. माणूस रोज होडीवर जात होता. घरी त्यांचं ताट-पेला वेगळा निघाला. शेवटी डॉक्टरांनी काकूला समोर बसवून सांगितलं की एका ताटात जेवल्याने, शिंकेने, जवळ बसल्याने हा आजार होत नाही. तो रक्तातून होतो, शरीरसंबंधातून होतो, बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. मग काकूचं नि पोरांचं रक्त तपासून त्यांना लस दिली. काकांना गोळी सुरू झाली, तीही मोफत. 2018 पासून त्यासाठी सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. गोळीने विषाणू दबून राहतो, पण सहसा पुरता जात नाही, म्हणून मनाने बंद करायची नाही आणि तपासणीही चुकवायची नाही.

वाडीत कुणी काविळीची माळ घाला म्हणालं, कुणी झाडपाला आणून दिला. पावसाळ्यात दूषित पाण्याने होते ती कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई, बहुतेकांची आपली आपणच उतरते आणि श्रेय माळेला जातं. बी मात्र काहींच्या रक्तात वर्षानुवर्षं गुपचूप बसतो आणि लिव्हर खराब करतो. पुढे कॅन्सरही होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2022 साली आपल्या देशात जवळपास 3 कोटी लोकांना हा संसर्ग होता, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता.

काकांची दाढी आजही मीच करतो. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "त्यांचं सामान वेगळं ठेवता ना?" मी म्हटलं, "सगळ्यांचंच वेगळं असतं." ज्याने विश्वासाने आजार सांगितला त्याला परत पाठवायचं आणि ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही त्याला बिनधास्त बसवायचं, याला काय अर्थ आहे?

नवं पातं गिऱ्हाइकासमोर कागदासकट मोडायचं, अर्धं वस्तऱ्यात घालायचं, आणि काम झालं की ते जाड डब्यात. उरलेलं अर्धं कागदातच राहू दे, पुढच्यासाठी. पातं पुसून दुसऱ्याला लावायचं नाही, मग तो घाईत असो की ओळखीचा असो. तुरटीचा खडा तर दुकानात ठेवूच नकोस. एकाच्या कापलेल्या गालावरून दुसऱ्याच्या गालावर फिरतो तो. तुरटीचं पाणी स्प्रेच्या बाटलीत भर. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू किमान 7 दिवस तग धरतो, डाग दिसत नसला तरी. कातरीला रक्त लागलं तर साबणाने धुऊन ब्लीचच्या पाण्यात दहा मिनिटं ठेव, मग साध्या पाण्याने धुऊन लगेच कोरडी कर, नाहीतर गंजेल. आणि स्वतःच्या बोटाला चीर असेल तर पट्टी लावल्याशिवाय वस्तरा धरू नकोस. गिऱ्हाइकाइतकाच धोका तुलाही आहे.

आता सूनबाईचं. तिच्या तपासण्यांत हिपॅटायटिस बी झाली आहे का, ते फाइलमध्ये बघ. नसेल तर पुढच्या खेपेला आठवणीने करून घ्या. रिपोर्ट काहीही येवो, बाळाला पहिली सुई जन्मानंतर 24 तासांच्या आत हवी. पुढचे डोस सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला. आईला संसर्ग असला तर बाळाला आणखी एक इंजेक्शन लगेच देतात, म्हणून डॉक्टरांना आधी माहीत असलेलं बरं. मोठ्या माणसाला संसर्ग झाला तर शंभरातल्या पाचहून कमी जणांत तो कायमचा राहतो. तान्ह्या बाळांत शंभरातल्या नव्वदांत राहतो. एवढं अंतर आहे बघ! बाळंतपण देवगडला माहेरी आहे, तेव्हा फाइल तिच्यासोबतच जाऊ दे. तिकडे सोहळ्याच्या गडबडीत 24 तास कसे जातात कळत नाही, म्हणून विहीणबाईंशी मी स्वतः बोलेन.

कामाला ठेवणार आहेस त्या पोरालाही लस दे आणि पैसे दुकानातून घाल, त्याच्या पगारातून कापू नकोस. दुसरी सुई चतुर्थीच्या सुमारास येईल. तारीख गणपतीच्या दिवसांत पडत असेल तर कार्ड घेऊन ये, इथे घेऊ.

तुझे बाबा