चिखलदऱ्याची कॉफी चिखलदऱ्यातच प्यायला मिळावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वऱ्हाडी बोलीतले शब्द टिपण्यासाठी निवृत्तीनंतर मी अचलपूर, चिखलदरा आणि धारणी तालुक्यांतील गावे एसटीने फिरतो. पूर्वी जाड वह्या, शब्दकोश आणि टेपरेकॉर्डर यांच्या ओझ्याने खांदा भरून येई. आता एका शबनममध्ये तळहाताएवढा संगणक, त्याचा घडीचा कळफलक, कपड्यांचा एक जोड आणि स्टीलचा लहानसा कॉफी फिल्टर एवढेच सामान असते. परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे घाट उभ्याने चढावा लागला, तरी पिशवीची काळजी नसते.

हा संगणक मराठीसाठीही पुरेसा आहे, हे मुद्दाम सांगतो. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलक-मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असल्यामुळे सवय झाली की बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत, बांधावर बसल्या बसल्या मांडीवरच लिहिता येते. ‘र’च्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ऱ’ घेतला, तरच ‘पऱ्हाटी’ (कपाशी) हा शब्द नीट उमटतो. एरवी ‘र’चा रफार होऊन ‘पर्हाटी’ होते, आणि बोलीचा अभ्यास करणाऱ्याला ते चालत नाही.

आता कॉफीविषयी. महाराष्ट्रात कॉफीची लागवड म्हटली की चिखलदऱ्याचेच नाव घेतले जाते. सुमारे ११०० मीटर उंची, थंड हवा आणि मोठ्या झाडांची सावली या पिकाला मानवते. असे असताना गेल्या डिसेंबरात गारठलेल्या बोटांनी मी तिथल्या एका हॉटेलात कॉफी मागितली, तेव्हा गोड दुधात उकळलेली तयार पूड समोर आली. फिल्टरची आहे का, असे विचारल्यावर मालकीणबाईंनी आपुलकीनेच विचारले, “कॉफी म्हंजे दुधातलीच न, गुर्जी?” दोष त्यांचा नाही, आपल्याच डोंगरावरच्या फळाची चव त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचवलीच नाही.

मी त्यांच्याकडून फक्त गरम पाणी घेतले. फिल्टरच्या वरच्या भांड्यात पूड घालून ती चकतीने हलकेच दाबली आणि उकळी बसलेले पाणी सावकाश ओतले. अर्क थेंबाथेंबाने उतरायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात मी आदल्या दिवशीचे शब्द गावांनुसार लावून घेतले. त्या दरवळात केलेले काम मला फार प्रिय आहे, आणि ओझे नसलेल्या प्रवाशालाच अशी सवड लाभते असे माझे मत आहे.

माझी विनंती एवढीच, की परिसरातील महिला बचत गटांनी स्थानिक बिया थोड्या थोड्या भाजून गिऱ्हाइकासमोर दळून द्याव्यात, कारण दळलेल्या पुडीचा सुगंध फार दिवस टिकत नाही. पुडे १०० ग्रॅमचे असावेत, म्हणजे ते कोणाच्याही पिशवीत मावतील, आणि चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) घातली असल्यास तिचे प्रमाण पुड्यावर छापावे. हॉटेलवाल्यांनी सकाळी एक फिल्टर लावून ठेवावा आणि एखाद्या टेबलाजवळ चार्जिंगचा प्लग द्यावा. बचत गटांनी हे काम हाती घेतल्यास दरमहा दोन पुड्यांची माझी मागणी आजच नोंदवून ठेवतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
परतवाडा, जि. अमरावती