आजोबांच्या नावाच्या इमारतीबद्दल

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर मला हे नीट मांडता येत नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय. बाबा, पैसा शिक्षणालाच का, साठीनंतर का नाही, आजोबांच्या नावाची इमारत का नाही, नातवंडांसाठी काय उरणार, हे तुमचे प्रश्न रास्त आहेत. आई, तू काही विचारलं नाहीस, पण तुझ्या मनात काय असेल ते मला कळतं.

आधी ठरलंय ते सांगते. नव्या आर्थिक वर्षापासून पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याचा रोजचा कारभार मी सोडतेय. उत्पादन, खरेदी, वसुली सांभाळणारी मंडळी आता पूर्ण तयार झाली आहेत. कंपनीतला माझा अर्धा हिस्सा शिक्षणासाठी काढलेल्या ट्रस्टकडे जाईल. उरलेल्या अर्ध्यात तुमची औषधपाण्याची सोय, मुलांची शिक्षणं आणि माझं पुढचं आयुष्य व्यवस्थित भागतं. सीएंनी हा हिशेब बघितला आहे. त्यामुळे "उद्या हात पसरायची वेळ आली तर" ही भीती मनातून काढून टाका.

आता तुमचा मोठा प्रश्न: शिक्षणच का? बाबा, लोक माझ्याबद्दल म्हणतात की हिनं सगळं स्वतःच्या हिमतीवर उभं केलं. कष्ट माझे होते, ते मी कधी कमी लेखणार नाही. पण माझ्या कारखान्यात एक गृहस्थ होते. पुठ्ठा नुसता हातात घेऊन ते सांगायचे की कागदात ओल जास्त आहे, थप्पी लागली की तळातली खोकी बसणार. बहुतेक वेळा ते खरं निघायचं. माल माझ्याहून त्यांना जास्त कळत होता. पण शाळा आठवीत सुटलेली. कोटेशन भरता येत नाही, बँकेला पत्र लिहिता येत नाही, टक्केवारीचा हिशेब दुसऱ्याला विचारावा लागतो. शेवटपर्यंत ते मशीनवरच राहिले. त्यांच्यात आणि माझ्यात हुशारीचा फरक नव्हता. माझी शाळा तुम्ही सुटू दिली नाहीत, एवढाच फरक होता. पैशांची ओढाताण असताना तुम्ही दोघांनी ते कसं निभावलं, हे मी बघितलंय. मग "स्वतःच्या हिमतीवर" हे शब्द मी बिनदिक्कत कशी स्वीकारू?

साठीनंतर कर, असं तुम्ही म्हणालात. चक फीनी नावाचे एक अमेरिकन उद्योजक होते. विमानतळांवरच्या करमुक्त दुकानांच्या धंद्यात त्यांनी अफाट पैसा मिळवला आणि 1984 मध्ये धंद्यातला आपला हिस्सा गुपचूप एका धर्मादाय संस्थेच्या नावे केला. बाहेर कुणालाही कळलं नाही. 1997 मध्ये ते उघड झालं. आठ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम वाटून 2020 मध्ये त्यांनी ती संस्था बंद केली, तेव्हा ते हयात होते. आपला पैसा कुठे लागू पडतो आणि कुठे वाया जातो, हे त्यांना स्वतःला बघता आलं. मला तेच हवंय. आत्ता माझ्या अंगात फिरण्याची ताकद आहे, चार शाळांत जाऊन मुलांशी तासन्‌तास बोलण्याचा उत्साह आहे. मृत्युपत्रात लिहून ठेवलेला पैसा हे करू शकत नाही.

आणि आता आजोबांच्या नावाची इमारत. बाबा, तुमची ही इच्छा किती जुनी आहे ते मला माहीत आहे. म्हणूनच या बाबतीत मी सगळ्यात जास्त विचार केला.

अमेरिकन उद्योजक अँड्र्यू कार्नेगी लहानपणी आठवड्याला 1.20 डॉलरवर सूतगिरणीत राबले. पुढे पोलादात त्यांनी संपत्ती कमावली आणि जगभरात अडीच हजारांहून जास्त वाचनालयांना पैसा दिला. त्यांचा एक नियम मला फार पटतो. इमारतीचा पैसा ते देत, पण जागा गावानं द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के इतकी रक्कम दरवर्षी वाचनालय चालवायला काढण्याची हमीही गावानं द्यायची. इमारत एकदाच बांधावी लागते, ग्रंथपालाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, हे त्या धंदेवाईक माणसाला चांगलं कळत होतं. त्यांच्या आयुष्यातली दुसरी बाजूही मी विसरत नाही. 1892 मध्ये अमेरिकेतल्या होमस्टेड इथल्या त्यांच्याच पोलाद कारखान्यात पगारकपातीवरून संघर्ष पेटला, गोळीबार झाला, माणसं मेली. बारा तास भट्टीपुढे उभा राहणारा माणूस वाचनालयात जाणार कधी? म्हणून ट्रस्टचा पहिला रुपया बाहेर जाण्याआधी कारखान्यातल्या सगळ्यांचे पगार आणि कामाचे तास मी नीट लावून घेतलेत. ट्रस्टची पहिली मुलंही आपल्या कामगारांचीच असतील.

माझ्या मनात खरं घर केलंय ते ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी. शाळा अर्धवट सोडून कपड्यांच्या धंद्यात शिरलेला हा माणूस पुढे टपालानं माल विकणाऱ्या सीअर्स या मोठ्या अमेरिकन कंपनीचा प्रमुख झाला. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याशी ओळख झाल्यावर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यांमधल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी त्यांनी शाळा बांधायला घेतल्या. 1932 पर्यंत 15 राज्यांत 4,977 शाळा उभ्या राहिल्या. वीज नसलेल्या गावांसाठी त्या शाळांचे नकाशे असे आखले होते की मोठ्या खिडक्यांतून उजेड मुलांच्या डाव्या बाजूनं यावा, म्हणजे लिहिताना वहीवर हाताची सावली पडत नाही. (मी हे वाचलं तेव्हा थक्क झाले. पैसा देणारे पुष्कळ असतात, पण वहीवरच्या सावलीचा विचार होईल इतकं जवळ जाणारे थोडे.)

त्यांचीही अट होती: थोडा पैसा गावकऱ्यांनी उभा करायचा आणि शाळा सरकारी शिक्षण मंडळानं आपली म्हणून चालवायची. त्या गरीब शेतमजुरांनी मिळून जी रक्कम जमवली ती रोझेनवाल्ड यांच्या निधीपेक्षा जास्त भरली. कुणी जमीन दिली, कुणी लाकूड, कुणी अंगमेहनत. हे वाचून मन भरून येतं, पण मला ते खुपतंही. ही माणसं कर भरतच होती. त्या कराच्या पैशातून त्यांच्या मुलांना गोऱ्या मुलांच्या बरोबरीची शाळा मिळायला हवी होती, आणि त्याच शाळेसाठी त्यांना पुन्हा खिसा रिकामा करावा लागला. म्हणून रोझेनवाल्ड यांच्याकडून मी अर्धीच गोष्ट घेतेय. निर्णयात पालकांचा वाटा असेल, कुणाला कशाची गरज आहे ते पालकांची समिती ठरवेल. त्यांच्याकडून पैसा मात्र घ्यायचा नाही.

तुम्ही म्हणाल, रोझेनवाल्ड यांनीही शेवटी इमारतीच बांधल्या. खरं आहे, कारण तिथे धड शाळाच नव्हत्या. मी ज्या शाळा बघून आले त्यांना भिंती आहेत, वर्गात फळा आहे, कुठेकुठे कपाटात कुलूपबंद संगणकसुद्धा आहेत. नाही तो माणूस. दहावीनंतर कुठला अभ्यासक्रम घ्यावा, अर्ज कधी भरायचा, कुठला दाखला लागतो, हे सांगणारं घरात कुणी नसलं की हुशार मुलगीही तारीख चुकवते. शिष्यवृत्ती मंजूर होते, पण पैसे हातात पडेपर्यंत वर्ष उलटून जातं आणि तोवरचं वसतिगृहाचं भाडं कुणी भरायचं? मुलं गळतात ती अशा ठिकाणी, प्रवेश आणि पहिली परीक्षा यांच्या मधल्या त्या काही महिन्यांत. आमचा पैसा तिथे जाईल: शाळेनंतर गणित आणि भाषा शिकवणाऱ्यांच्या पगाराला, प्रत्येक मुलाच्या मागे अर्जापासून निकालापर्यंत उभं राहणाऱ्या माणसाला, आणि शिष्यवृत्ती येईपर्यंतच्या बिनव्याजी उसनवारीला. यातलं काहीच फोटोत दिसण्यासारखं नाही. कोनशिला लावायला जागा नाही, बाबा.

आजोबांचं नाव मात्र राहील. ट्रस्ट त्यांच्याच नावानं निघतोय, आणि आई, त्यांच्या नावाच्या आधी आजीचं नाव असेल. याबाबत मी कुणाचं ऐकणार नाही.

आई, कर्मवीर भाऊराव पाटील नांगर विकत गावोगाव हिंडायचे, हे तूच मला लहानपणी सांगितलं होतंस. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि मुलांनी कमवत शिकावं हा मार्ग दाखवला. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. तो भाग सांगताना तुझा आवाज बदलायचा. तेव्हा मला वाटायचं, केवढा मोठा त्याग! आज त्यांचा विचार करताना आणखी एक गोष्ट डोळ्यांपुढे येते. जाती-धर्माची अट न मानता एकत्र राहणाऱ्या त्या मुलांची रोजची आजारपणं, रुसवे, भांडणं कुणीतरी निस्तरली असतील. ते काम पैशानं होत नाही. मला त्यात तुझी मदत हवी आहे. वसतिगृहात पहिल्यांदा पाठवायच्या मुलींच्या आयांशी तू बोलावंस. मी सांगितलं तर त्यांना मॅडम सांगतायत असं वाटेल, तुझ्याशी त्या मोकळेपणी बोलतील.

नातवंडांसाठी काय उरणार, ही तुमची शंकाही मी त्यांच्यासमोरच काढली. थोरला म्हणाला, "आई, मला कारखाना नकोच आहे." धाकटी अजून लहान आहे. तिला हवा असेल तर तिनं कारखान्यात खालपासून काम शिकावं आणि जागा मिळवावी. दार बंद नाही.

बाबा, ट्रस्टच्या करारनाम्याचा मसुदा सोबत पाठवतेय. हिशेब तपासणीच्या कलमात दरवर्षीचा जमाखर्च पालकांच्या समितीपुढे वाचून दाखवायचा असं लिहिलं आहे. पण तो न पटल्यास त्यांनी काय करायचं, हे त्यात नाही. आयुष्यभर तुम्ही हिशेबाची कामं केलीत, ही फट तुम्हालाच नीट बुजवता येईल. पेन्सिलीनं समासात लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात वकिलांकडे द्यायचंय.

तुमची,
धाकटी