मते वळली, पण कुणाची?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘आघाडीची मते महायुतीकडे वळली’ हे आपल्या अंकातले जिल्ह्याचे विश्लेषण वाचले. मी कनिष्ठ महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालो. कोष्टक दिसले की पेन्सिल घेऊन बसायची खोड काही जात नाही. मे 2024 च्या लोकसभा निवडणुकीत नाशिकमधून आघाडीचे राजाभाऊ वाजे दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आले आणि नोव्हेंबरात याच लोकसभा क्षेत्रातल्या सहाही विधानसभा महायुतीने घेतल्या, हे खरेच. पण दोन बेरजांची वजाबाकी केली की कोणता मतदार कुठून कुठे गेला ते कळते, असे नाही.

समजा, एका केंद्रावर दोन्ही वेळा तेच शंभर जण आले. आधी आघाडीला 60, महायुतीला 40. नंतर आघाडीला 35, महायुतीला 65. आपण लिहिणार, 25 जण फिरले. पण आघाडीचे साठच्या साठ गेले आणि महायुतीचे 35 उलटे आले, तरी आकडे हेच! आघाडीचे किमान 25, कमाल 60 गेले, एवढेच छातीठोकपणे सांगता येते. शिवाय तेच शंभर जण येतात कुठे? राज्यातले मतदान सुमारे 61 टक्क्यांवरून 66 वर गेले. घरी बसलेल्यांचा रकाना आपल्या कोष्टकात नाहीच.

सिन्नरचे काय करणार? 2019 च्या विधानसभेला तिथे वाजे युतीकडून आणि माणिकराव कोकाटे आघाडीचे घड्याळ घेऊन लढले. 2024 मध्ये वाजे आघाडीचे खासदार, कोकाटे महायुतीचे आमदार, घड्याळ तेच. 2019 शी ताडून पाहिले तर कोकाटेंचा पक्का माणूस आपल्या हिशेबात महायुतीकडे वळला आणि वाजेंचा आघाडीकडे. दोघेही जागचे हललेले नाहीत. दिंडोरीत तर लोकसभेला आघाडीचे भास्कर भगरे ‘तुतारी वाजवणारा माणूस’ घेऊन लढत असताना भगरे आडनावाच्याच अपक्षाला तुतारी चिन्ह मिळाले आणि लाखाहून जास्त मते पडली. ती कोणत्या रकान्यात टाकलीत?

केंद्रनिहाय मते निवडणूक आयोगाच्या फॉर्म 20 या निकालपत्रकात मिळतात. मात्र दोन निवडणुकांत केंद्रांची फेररचना होते, म्हणून आधी याद्या जुळवाव्या लागतात. मग प्रत्येक केंद्राची किमान-कमाल काढावी. जिथे मतदान जवळजवळ एकतर्फी, तिथे ती मर्यादा आपोआप आवळते. सगळ्या केंद्रांच्या बेरजांतून मते फिरण्याचे एकच सरासरी प्रमाण काढणारी, संख्याशास्त्रज्ञ गुडमनची 1953 ची पद्धत सरसकट लावू नये. ती सिडकोतला कामगार आणि इगतपुरीच्या पाड्यावरचा मतदार एकाच प्रमाणात फिरतो असे धरते, आणि कधी कधी शंभर टक्क्यांहून जास्त लोक पाठवून मोकळी होते. राज्यशास्त्रज्ञ गॅरी किंग यांनी 1997 मध्ये या किमान-कमाल मर्यादा आणि तो हिशेब यांची सांगड घातली. तिथेही हाती येतो तो अंदाजच, त्याच्या कमी-जास्तासह.

तोच तसाच छापावा, ही विनंती. कांद्याने नेले की लाडक्या बहिणीने आणले, हा वाद त्यानंतर खुशाल घालू.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, इंदिरानगर, नाशिक