मार्केट यार्डाजवळच्या वायरमनकाकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण ताम्हिणीहून काल रात्री परतलो आणि मन भरून आलंय, ते आजच लिहून टाकते.

आमच्या पिकअपला दुसरी बॅटरी बसवायची, एवढंच काम होतं. मागे फ्रिज, दिवे आणि आईचं रात्री झोपताना श्वासासाठी लावायचं सीपॅप मशीन, पुढे अडकलेली गाडी ओढून काढायचा विंच. तुमच्याआधी ज्यांच्याकडे गाडी दिली त्यांचं गॅरेज चकचकीत. मी काही विचारलं की उत्तर नवऱ्याकडे बघून यायचं. तो बरोबर नसला की, "मॅडम, तुम्ही आत एसीत बसा, झालं की बोलावतो." वेल्ह्याच्या बाजूला पहाटे गाडीने मान टाकली. मागची तर मागची, पुढची बॅटरीही पार उतरलेली. गाडी परत नेली तर म्हणे फ्रिज जास्त खातो. मग म्हणे बॅटरीच खराब निघाली, आणि नवी गळ्यात मारली. तीही उतरलीच. पैसे गेले त्याचं मी विसरेन, काका. पण आई गाडीत होती, मशीन मध्यरात्रीच बंद पडलं होतं आणि मोबाईलला रेंज नव्हती, हे नाही विसरता येत.

तुमच्याकडे आलो तेव्हा दोन ट्रक आधीच रांगेत होते. तरी तुम्ही बाहेर आलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "गाडी कोण चालवतं?" मी म्हटलं, मी. त्यानंतर जे बोललात ते माझ्याशी बोललात.

बॉनेटमध्ये वाकून बराच वेळ बघत होतात. मग म्हणालात, "ताई, इकडे या. इथं बोट फिरवा." आधीच्यांनी लाल वायर पत्र्याच्या भोकातून तशीच आत ओढली होती, भोकाच्या धारेवर बसवायचं रबरी ग्रोमेटही न घालता. पत्र्याच्या धारेने वरचं प्लास्टिक कापत आणलं होतं. बोटाला तांब्याचे केस टोचले. ती वायर पत्र्याला टेकली असती तर काय झालं असतं, हे तुम्ही घाबरवून सांगितलं नाहीत. इतकंच म्हणालात, "तार एकच, पण दोन्ही टोकांना बॅटरी. शॉर्ट झाला की करंट दोन्हीकडून धावणार. म्हणून फ्यूज दोन, प्रत्येक बॅटरीला लागून एक. फ्यूज फ्रिजसाठी नसतो, तारेसाठी असतो." आमच्या गाडीत एकही नव्हता.

मग मीटर शर्टाला पुसलंत, नवऱ्याला टॉर्चचा उजेड धरायला सांगितलात आणि मीटरच्या दोन्ही पिना माझ्या हातात दिल्यात. "आता तुम्हीच बघा." इंजिन चालू. पुढच्या बॅटरीवर १४.२. मागे गेले, तिथे १३.३. जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच संपत होता. "बारीक नळीने टाकी भरताय, कशी भरणार?" म्हणालात. आणि रात्री दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून तोडणारं काहीच बसवलेलं नसल्यामुळे मागची रिकामी होताना पुढचीलाही घेऊन जात होती. इतके महिने जे कुणी सांगितलं नाही, ते त्या दोन आकड्यांत मला कळलं.

तुमच्या दृष्टीने हे काहीच नसेल. पण मी घाट उतरवते, चिखलातून गाडी काढते, आणि बॉनेट उघडलं की मला बाजूला सारलं जातं. तुम्ही मीटर हातात दिलंत. माझ्यासाठी सगळ्या कामात मोठी गोष्ट ती होती.

पुढचं काम सगळं इथे लिहीत बसत नाही. १६ स्क्वेअर एमएमची जाड वायर आली. बऱ्याच नव्या गाड्यांचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालून बॅटरी भरणारा डायनॅमो, आपोआप व्होल्टेज कमी करतो म्हणून दोन बॅटऱ्या नुसत्या जोडणाऱ्या-तोडणाऱ्या साध्या रिलेऐवजी, मागच्या बॅटरीला हवं तेवढं व्होल्टेज देणारा डीसी-टू-डीसी चार्जर आला. विंच पुढच्या बॅटरीवर, जाड केबलने, हाताशी वीज तोडणारा कटआउट स्विच ठेवून. एक मात्र सांगायलाच हवं. वायरच्या टोकाला बसवायची एक थिंबल दाबून झाल्यावर तुम्ही ती अंगातलं बळ लावून ओढलीत, तुम्हाला पटली नाही, आणि कापून दुसरी बसवलीत. त्यावर नंतर टेप आणि पाईप चढणार होता. मला जन्मात कळलं नसतं.

ताम्हिणीत परवा धो धो पावसात एका कुटुंबाची गाडी साइडपट्टी सोडून चिखलात उतरली होती. आत लहान पोरं. विंच लावला. पूर्ण ओढीला तो ४०० अँपिअरच्या आसपास खातो, तेवढं अल्टरनेटर देऊ शकत नाही, भार बॅटरीवरच येतो, हे तुम्ही सांगितलेलं डोक्यात होतं. इंजिन चालू ठेवलं, थांबत थांबत ओढलं. मध्ये विंच थांबवून त्याच्या विजेच्या केबलला हात लावला. "कोमट चालेल, चटका बसला तर थांबायचं," म्हणाला होतात. कोमट होती. गाडी वर आली. त्या रात्री आईचं मशीन सकाळपर्यंत चाललं, फ्रिजही चालला, आणि पुढच्या बॅटरीवर मीटर लावलं तर १२.६. गाडी एका चावीत सुरू.

पुण्यात चांगला कारागीर मिळत नाही, असं मीही म्हणायचे. आता नाही म्हणणार. उद्या कुणी दिसणार नाही अशा जागी, गालिच्याखाली, पत्र्याच्या मागे, भिंतीच्या आत, नीट काम करणारी माणसं आहेत. गिऱ्हाइकाला समजावण्यात वेळ जातो म्हणून ती कुरकुरत नाहीत. त्यांच्या जिवावर आपण निवांत झोपतो, आणि बहुतेकदा त्यांची नावंही आपल्याला माहीत नसतात. आधीच्या गॅरेजवाल्यांनाही एवढंच म्हणायचंय की समोरची बाई विचारते तेव्हा तिला उत्तर द्या. ती गाडी तिलाच चालवायची असते.

गणपतीनंतर सगळे नट एकदा आवळून घ्या, असं बजावलं होतंत. येतेच. आई बेसनाचे लाडू पाठवणार आहे. त्यांना तरी नको म्हणू नका.

तुमची,
पिकअपवाली ताई