एकच तारीख: मुकेश आणि हृषीदा

महोदय,

२७ ऑगस्टला जळगाव-भुसावळकडे मुकेशच्या गाण्यांची मैफल ठरवणाऱ्या मंडळांनी फलकावर दिग्दर्शक हृषिकेश मुखर्जी ऊर्फ हृषीदांनाही जागा द्यावी. मुकेश १९७६ साली अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना डेट्रॉइटला वारले, हृषीदा २००६ साली मुंबईत. तारीख मात्र एकच. शिवाय मुकेशना पहिलं फिल्मफेअर मिळालं ते ‘अनाडी’तल्या ‘सब कुछ सीखा हमने’साठी, आणि ‘अनाडी’ हृषीदांचाच!

घोळ होतो हृषीदांच्याच ‘आनंद’पाशी. ‘कहीं दूर’ आणि ‘मैंने तेरे लिए ही’ मुकेशची, पण ‘जिंदगी कैसी है पहेली’ मन्ना डेंचं. निवेदक तिन्ही एका दमात मुकेशच्या नावावर खपवतो, आणि जाणकार पहिल्या रांगेतच बसलेले असतात. सलग तीन संथ गाणी लावली की मागच्या खुर्च्या रिकाम्या होतात. मधे ‘किसी की मुस्कुराहटों पे’ घ्यावं, तेही ‘अनाडी’तलंच.

आकडाही तपासा. पुण्यतिथी मोजताना मृत्यूचं वर्ष धरायचं नसतं. १९७७ ची पहिली. म्हणून २०२६ मध्ये मुकेशची ५० वी, हृषीदांची २० वी. फ्लेक्सवर ५१ छापून आल्यावर वरून कागद चिकटवावा लागतो, आणि ऑगस्टच्या पावसात तो तासभरही टिकत नाही.

– एक वाचक, भुसावळ