शेवटच्या रांगेत बसून बघ

प्रिय दोस्ता,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. तीन गाड्यांचा तक्ता, लाल पेनाने अधोरेखित केलेले आकडे आणि शेवटी एकच प्रश्न, "यातली कुठली घेऊ?" तक्ता नीट पाहिला. तू अधोरेखित केलेलं सगळंच्या सगळं चालकाच्या कामाचं आहे. अश्वशक्ती, टॉर्क म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, शून्य ते ताशी शंभर किलोमीटर गाठायचा वेळ. सात माणसांसाठी गाडी घ्यायची म्हणतोस आणि उरलेल्या सहा जणांच्या वाट्याला तक्त्यात एक ओळसुद्धा नाही!

आधी तुझ्याच आवडीचं बोलू, नाहीतर पुढचं तू वाचणार नाहीस. मर्सिडीज-एएमजी जीएलएस ६३ मध्ये चार लिटरचं ट्विन-टर्बो व्ही-८, म्हणजे दोन टर्बो लावलेलं आठ सिलिंडरचं इंजिन आहे, ६१२ अश्वशक्ती, ८५० न्यूटन-मीटर टॉर्क, शून्य ते शंभर ४.२ सेकंदांत. बीएमडब्ल्यू एक्स-७ एम६०आय: ४.४ लिटर, ५३० अश्वशक्ती, ४.७ सेकंद. तिसरी टेस्ला मॉडेल एक्स प्लेड, १०२० अश्वशक्ती. प्लेड पहिल्याच फेरीत बाद, कारण तिच्यात जागा सहाच आणि तुम्ही आहात सात. कोणाला घरी ठेवणार होतास, ते वहिनींसमोर सांगू नकोस.

राहिल्या दोन. दोघींमध्ये फरक अर्ध्या सेकंदाचा. हे आकडे ज्या गाडीचे असतात, तिच्यात बहुतेक वेळा एकटा चालक बसलेला असतो. अमेरिकी आकड्यांत तर आणखी एक गंमत असते. तिथे शून्य ते साठ मैल मोजतात, म्हणजे ताशी जवळपास ९७ किलोमीटर, आणि बऱ्याचदा गाडी पहिला एक फूट सरकल्यावर घड्याळ सुरू करतात. कागदावर त्याने पाव सेकंद सहज वाचतो. तुम्ही सात जण आणि सामान धरून सहाशे किलो गाडीत चढले की अडीच-पावणेतीन टनांच्या गाडीचं वजन वीस टक्क्यांहून जास्त वाढतं. मग ते ४.२ आणि ४.७ दोन्ही माहितीपत्रकातच राहतात. शिवाय मागे काकू बसलेल्या असताना तू तेवढं ॲक्सिलरेटर दाबणार नाहीस. दाबलंस तर त्या पुन्हा गाडीत बसायच्या नाहीत.

ब्रेककडे मात्र बघ. तक्त्यात ब्रेक नाहीतच, आणि या वर्गातल्या गाड्यांत खरी परीक्षा त्यांचीच असते. २६०० किलोची गाडी ताशी १०० वर असते तेव्हा तिच्यात साधारण दहा लाख जूल गतिज ऊर्जा असते. गाडी थांबवायची म्हणजे ती सगळी ऊर्जा चार डिस्कांत उष्णता म्हणून उतरवायची. तीन लिटर गार पाणी उकळीपर्यंत न्यायला लागते तेवढी ही उष्णता, एकदा जोरात थांबताना. भरलेली ३२०० किलोची गाडी १२० वर असेल तर ती पावणेदोन पट होते, कारण वजन वाढलेलं असतंच, शिवाय ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. घाटासारख्या लांब उतारावर हे पुन्हा पुन्हा घडलं की ब्रेक ऑइल तापतं आणि पेडल मऊ पडायला लागतं. म्हणून टेस्ट ड्राइव्हला एकदाच ब्रेक दाबून समाधान मानू नकोस. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर ओळीने काही वेळा जोरात दाब आणि शेवटच्या खेपेला पेडल पहिल्यासारखंच टणक लागतंय का ते बघ. इथे मोठ्या इंजिनाच्या गाड्यांचा एक फायदा मी मान्य करतो. त्यांच्याबरोबर ब्रेकही मोठे येतात, आणि भरल्या गाडीला ते इंजिनापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी किंवा स्टिकर असतं. त्यावर गाडीचं जास्तीत जास्त एकूण वजन लिहिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की माणसं आणि सामान मिळून किती चालेल ते कळतं. युरोपच्या नियमाप्रमाणे रिकाम्या वजनात ७५ किलोचा चालक आधीच धरलेला असतो, हे लक्षात ठेव. उरलेली सहा मोठी माणसं ७५ किलोची धरली तर ४५० किलो तिथेच गेले. काचेचं छप्पर, मोठी चाकं, सीट हलवणाऱ्या जास्तीच्या मोटर, जे जे तू पर्यायांच्या यादीत टिकमार्क करशील ते उरलेल्या किलोंतून वजा होतं. सेल्समन हे आपणहून सांगत नाही.

आता तिसऱ्या रांगेकडे येतो. माझ्या मते गाडीचा सगळा निकाल तिथे लागतो.

मर्सिडीजचा दावा आहे की जीएलएसच्या शेवटच्या रांगेत १.९४ मीटर उंचीचा माणूस बसू शकतो. डोक्याला जागा असेलही, पण तू गुडघे बघ. मोठ्या गाडीतही मागची जमीन उंच असते, कारण खाली ॲक्सल, म्हणजे मागच्या चाकांचा आडवा आस, आणि सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलणारी यंत्रणा असते. सीटची उंची मात्र छपरामुळे फार वाढवता येत नाही. मग गुडघे वर येतात, मांड्या सीटवर टेकत नाहीत आणि सगळं वजन माकडहाडावर येतं. अर्ध्या तासाने माणूस चुळबुळ करायला लागतो. कॅडिलॅक एस्कलेडचं उदाहरण यात बोलकं आहे. २०२१ च्या मॉडेलपासून तिच्या मागच्या एकसंध ॲक्सलऐवजी स्वतंत्र सस्पेन्शन आलं, त्यामुळे जमीन खाली घेता आली आणि शेवटच्या रांगेत माणसासारखं बसता यायला लागलं. विजेवरच्या गाड्यांत उलटी अडचण होऊ शकते. बॅटरी जमिनीखाली असल्याने गुरुत्वमध्य छान खाली येतो, पण पायाखालची जमीन वर सरकते. लेगरूमचा आकडा यातलं काही सांगत नाही. स्वतः मागे जा, बूट घालून, आणि तिथेच बसून सगळी फेरी पूर्ण कर. गाडी वहिनींना चालवू दे.

मागे बसल्यावर आणखी एक गोष्ट कळेल. शेवटची रांग मागच्या ॲक्सलच्या जवळजवळ वरच असते. गाडी पुढेमागे झुलते तेव्हा मधल्या माणसाला कमी आणि टोकाच्या माणसाला जास्त हेलकावा बसतो. पुढचं सगळं दुसऱ्या रांगेच्या जाडजूड हेडरेस्टनी अडवलेलं, बाजूची काच बारकी. डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, कान सांगतात हलतोय. गाडी लागते ती यानेच. पाच सेकंदांना एक हेलकावा, म्हणजे ०.२ हर्ट्झच्या आसपासची हालचाल माणसाला सगळ्यात जास्त मळमळवते. आता तू विचार कर, ८५० न्यूटन-मीटरची गाडी घेऊन तू ओव्हरटेक करतोस, सोडतोस, ब्रेक लावतोस, पुन्हा दाबतोस. मागे नेमकी तीच लय तयार होते. तुझी मधली मुलगी बसमध्येसुद्धा खिडकीला चिकटून बसते, हे मला आठवतंय.

या दोन गाड्यांच्या वर्गातलं खरं कौतुक मला इंजिनापेक्षा खालच्या यंत्रणेचं वाटतं. एअर सस्पेन्शन घे. पोलादी स्प्रिंग भरल्या गाडीत मागे दबते, नाक वर होतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. हवेची स्प्रिंग दाब वाढवून उंची राखते. दाबाबरोबर तिचा कडकपणाही वाढतो, त्यामुळे गाडी रिकामी असो की भरलेली, झुलण्याची लय फारशी बदलत नाही. मागच्यांच्या पोटासाठी याहून मोलाची वस्तू पर्यायांच्या यादीत नाही.

दुसरं, अँटी-रोल बार. वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा हा दांडा असतो. तो जाड केला की गाडी वळणावर ताठ राहते, पण एका चाकाखाली खड्डा आला की धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचतो आणि सगळ्यांच्या माना डावी-उजवीकडे हलतात. ऑडीने २०१६ मध्ये एसक्यू-७ ला ४८ व्होल्टवर चालणारे सक्रिय बार दिले. सरळ रस्त्यावर दोन्ही बाजू मोकळ्या, वळणावर मोटर त्यांना पिळून ताठ करते. दोन्हीकडचं सुख. तू बघतो आहेस त्या गाड्यांतही अशी यंत्रणा मिळते का, कुठल्या पॅकेजमध्ये मिळते, हे आधी विचार.

तिसरं, मागची चाकं वळणं. ऑडी क्यू-७ मध्ये ती पाच अंशांपर्यंत वळतात. हळू वेगात पुढच्या चाकांच्या उलट, म्हणून पाच मीटरचं धूड पार्किंगमध्ये आटोपशीर वाटतं. जास्त वेगात पुढच्यांच्याच दिशेने, म्हणून लेन बदलताना शेपूट झोकांडत नाही. आणि शेपटीत कोण बसलेलं असतं?

टायरच्या बाबतीत मी हट्टी आहे. शोरूममध्ये २३ इंची चाकं बघून तू विरघळणार, ते मला माहीत आहे. पण २८५/४५ लिहिलेलं असेल तर टायरच्या कडेची उंची रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे १२८ मिलिमीटर. ३२५/३० असेल तर ९७.५. खड्ड्यातला पहिला धक्का त्या रबराने खायचा असतो, आणि तिथेच तीन सेंटिमीटर कमी. रिमला पोक आलं की मग शोभा कळते. पुढची-मागची चाकं वेगळ्या मापाची असतील तर टायर पुढेमागे फिरवताही येत नाहीत. २१ इंच घे आणि गप्प बस. बदली टायर घेताना लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलेल त्याचा आकडा, बघ. ११३ म्हणजे एका टायरला ११५० किलो. कंपनीने सांगितलेल्या आकड्याच्या खाली कधी उतरू नकोस.

तुमच्या घरची बसण्याची मांडणी कागदावर काढून बघितली. पुढे तुम्ही दोघं, मधे काका-काकू आणि धाकट्याची चाइल्ड सीट, मागे मोठी दोघं. आता मोठ्यांना मागे जायचं तर मधली सीट पुढे कलायला हवी. चाइल्ड सीट ज्या बाजूला, ती बाजू बंद. म्हणजे दर वेळी काकांनी उतरायचं. चाइल्ड सीट लावलेली असतानाही पुढे सरकणारी मधली सीट काही गाड्यांत असते, ती आहे का ते तुमचीच चाइल्ड सीट नेऊन तपास. या दोन्ही गाड्यांत सीट विजेवर हलतात, ऐटीत आणि सावकाश. पाऊस पडत असताना ती ऐट किती वेळ सहन होते, तेही बघून ठेव. खिडक्यांवरून उघडणाऱ्या पडद्याच्या एअरबॅग शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात का, मागे आयसोफिक्स, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायच्या कड्या, आहे का, मागच्यांना एसीचं वेगळं बटण आहे का, एवढं विचारलंस की पुरे. एक्स-७ ला पाच झोनचं एसी घेतलं तर मागच्यांचं तापमान मागूनच ठरवता येतं. पुढच्याला "जरा वाढव, जरा कमी कर" ओरडण्याची गरज नाही.

डिकीबद्दल भ्रम नको. तिन्ही रांगा उभ्या असताना एक्स-७ मध्ये ३२६ लिटर, जीएलएसमध्ये ३५५. साध्या हॅचबॅकची डिकी एवढी असते. सात जणांच्या बॅगा त्यात मावत नाहीत, म्हणून लोक छतावर पेटी लावतात आणि वजन नेमकं जिथे नको तिथे, वर चढवतात.

आवाजाचं राहिलं. व्ही-८ चा आवाज मलाही आवडतो, नाही कसं म्हणू. पण पुढे तुला जी गुरगुर ऐकू येते ती मागे, एक्झॉस्टच्या डोक्यावर, कानात घुमू शकते. हायवेच्या स्थिर वेगात मागे बसून ऐक.

माझं मत विचारलंस, तर तुझ्या तक्त्यात नसलेली गाडी सांगतो. एक्स-७ चीच एक्सड्राइव्ह४०आय. तीन लिटर, सहा सिलिंडर, ३८० च्या आसपास अश्वशक्ती, शून्य ते शंभर ५.८ सेकंद. सात माणसांना घेऊन ओव्हरटेक करायला ते भरपूर आहे. जे पैसे व्ही-८ वर उडवणार होतास ते सस्पेन्शनच्या पॅकेजवर घाल. मन व्ही-८ वरच अडलं असेल तर एम६०आय घे, पण छोट्या चाकांसह. जीएलएस ६३ मला स्वतःला हवीहवीशी वाटते, म्हणूनच तिची शिफारस करत नाही.

पुढच्या आठवड्यात शोरूमला जाशील तेव्हा काकूंना आणि मधलीला बरोबर ने, दोघींना मागे बसव आणि जरा लांबची, खराब रस्त्याची फेरी माग. सेल्समन गुळगुळीत रस्त्याने नेऊ बघेल, ऐकू नकोस. त्या दोघी काय म्हणाल्या ते मला जसंच्या तसं लिही, आणि दारावरच्या पट्टीचा फोटोही पाठव. वजनाचा हिशेब मी करून देतो.

काका-काकूंना नमस्कार, वहिनींना आणि मुलांना आठवण सांग.

तुझाच,
जुना सोबती