'मूळ नोंद' म्हणजे नेमकी कोणती? एका ताईंना जाहीर पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेचा माझा मसुदा तुम्ही परत पाठवलात तेव्हा पानोपानी समासात एकच प्रश्न होता: 'ही नोंद खोडली तर तिला जोडलेल्या नोंदीचं काय होतं?' त्या प्रश्नाचे आभार मानायला हे पत्र.

बिलातल्या ओळी, ग्राहकाची बिलं, ग्राहकाचा विभाग, सगळ्यांना मी 'संबंधित नोंद' म्हटलं होतं. वाक्यं गुळगुळीत झाली होती. पण बिल खोडलं की त्यातल्या ओळीही जातात. विभाग खोडला तर ग्राहक राहतो, फक्त त्याचा विभागाचा रकाना रिकामा होतो. आणि ज्याची बिलं आहेत तो ग्राहक खोडताच येत नाही. डेटाबेसमध्ये, म्हणजे नोंदींच्या साठ्यात, यांना अनुक्रमे कॅस्केड, सेट नल आणि रिस्ट्रिक्ट अशी तीन नावं आहेत. माझ्याकडे तिन्हींना मिळून एकच शब्द होता.

ग्राहकाच्या नोंदीला मी 'मूळ नोंद' म्हटलं होतं, त्या शब्दावर मी तुमच्याशी वादही घातला. तुम्ही वापरकर्त्यांचे फोन घेता, म्हणून तुम्हाला ठाऊक होतं: 'मूळ' वाचलं की माणूस बाकीच्यांना नकला समजतो, आणि नक्कल खोडायला कोण कचरतो? आता तिथे सरळ 'ग्राहक' आणि 'त्याची बिलं' असं लिहिलंय. 'काढा' बटणाचंही तेच. जोडणी सोडवायची की नोंदच खोडायची, हे त्या शब्दातून कळत नव्हतं. आता 'जोडणी तोडा' आणि 'नोंद खोडा' अशी दोन बटणं आहेत.

डेटाबेसलाच 'रिलेशनल' म्हणतात, मग 'संबंध' शब्द का नको, असं मी हट्टाने विचारलं होतं. नंतर शोधलं. रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणारे एडगर कॉड, यांच्या 1970 च्या लेखात 'रिलेशन' म्हणजे, ढोबळमानाने, तक्ताच. दोन तक्त्यांमधला दुवा नव्हे. माझ्या हट्टाचा आधारच गेला, आणि मला खरंच बरं वाटलं.

ग्राहक आणि योजना यांना जोडणाऱ्या नोंदीचं प्रकरण उद्या पाठवतो. आधी 'जोड-नोंद' लिहिलं होतं. मग तुमचा प्रश्न स्वतःलाच विचारला आणि 'सदस्यत्व' केलं. सदस्यत्व खोडलं तर ग्राहकही राहतो, योजनाही राहते, हे पहिल्याच ओळीत लिहिलंय.

तुमचा कृतज्ञ,
पुस्तिका लिहिणारा